ओवाळणीत मिळालेली वाट

गुढीपाडवा. संस्थानच्या मोजणीनं फसली तेराशे सेहेचाळीस, खुर्दाद महिना; इंग्रजी एकोणीसशे सदतीस, एप्रिल. जालना, स्टेशनकडून जिनिंगकडे जाणारा रस्ता, डाव्या हाताची मोकळी जागा.

हजर: थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. मधला भाऊ. धाकटा भाऊ. थोरली वहिनी, हातात पेढ्यांचा पुडा. जागा विकणारा, भिंतीच्या सावलीत. जोशीबुवा, पंचांगासह. आमचे हे, छत्री घेऊन, सगळ्यांपासून जरा लांब. आणि मी.

गैरहजर: मोजायची दोरी.

चौघा भावंडांनी मिळून जागा घ्यायची, रस्त्याला तोंड करून चार दुकानं बांधायची, एकेकाला एकेक, आणि भाड्यावर सुखानं जगायचं, असा बेत होता. बेत दादाचा. धावड्याहून आमचं घर जालन्यात आलं तेव्हापासून दादाला आपण व्यापारी आहोत असं वाटत असे. त्याचा पुरावा म्हणून त्यानं काळी टोपी घेतली होती.

माझा हिस्सा मी पाटल्या आणि गोठ मोडून उभा केला होता. आमचे हे मुन्सफाच्या कचेरीत नकलनवीस. उर्दू अक्षर मोत्यासारखं, पण पगार त्या मानानं फारच साधा, आणि दिवसभर मिणमिणत्या उजेडात नकला करून डोळे आत्ताच पाणावू लागले होते. डोळे गेले की नोकरी जाणार, हे सांगायला वैद्य नको होता. तेव्हा चौथं दुकान ही माझी हौस नव्हती. आमच्या दोघांच्या म्हातारपणाची भाकरी होती ती. हे मी त्या दिवशी कोणाला बोलून दाखवलं नाही. दादाला माहीत होतं.

जोशीबुवांनी जागा न्याहाळली. "पुढं निमुळती, मागं रुंद. गाईच्या तोंडावाणी. गोमुखी. लई शुभ. लक्ष्मी आत येती, अन् बाहेर जायचा रस्ता तिला सापडत न्हाई."

"ऐकलं का?" दादा आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला. जणू जागेला तसं तोंड त्यानंच दिलं होतं.

मी विचारलं, "दादा, पुढून किती हात भरते? चार दुकानं बसतील ना?"

"बाई, तू मधी बोलू नको. जोशीबुवा बोलून राह्यले."

"दोरी आणू का शेजारून?"

"पाडव्याच्या दिवशी दोऱ्या लावती का कोणी! शुभ जागा हाताहातानं मोजत नसतात."

वहिनीनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "घ्या वन्सं, तोंड गोड करा. लई विचार करता तुम्ही."

आता ही गोष्ट कोणालाही विचारा. पुढं निमुळती ती गोमुखी, राहायच्या घराला चांगली. पुढं रुंद आणि मागं निमुळती ती व्याघ्रमुखी, दुकानाला चांगली. आमच्या धावड्यात शेळ्या राखणारी पोरंसुद्धा हे सांगतील. जोशीबुवांना ठाऊक नव्हतं असं नाही. घर बांधायचं की दुकान, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना विचारलं, जागा शुभ आहे का? त्यांनी सांगितलं, आहे. दक्षिणा घेतली आणि निघून गेले. चूक त्यांची नाही. घरासाठीची जागा दुकानांसाठी घेणारे आम्ही, आणि वर पेढे वाटणारेही आम्हीच.

जागा घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच. पेढे घेऊ नका, दोरी घ्या. आणि पहिलं माप रस्त्याकडच्या बाजूचं घ्या. दुकानाची कमाई तोंडावर असते, पोटात नसते.

पैशाची गोष्ट याहून थोर. मी माझं सोनं मोडलं, म्हणजे माझं देणं तिथंच संपलं. तिघा भावांनी जुन्या जालन्यातल्या एका सावकाराकडून रक्कम उचलली आणि तारण म्हणून याच जागेतले आपापले हिस्से लिहून दिले. जागा घ्यायला जागाच गहाण! दादाला ही मोठी हुशारी वाटत होती. "आपला एक पैसा गुंतला न्हाई," असं तो येईल त्याला सांगायचा. मी विचारलं, "व्याज कुठून देणार?"

"भाड्यातून."

"आणि भाडं कधीपासून?"

"दुकानं बांधली की."

"दुकानं कशातून बांधणार?"

यावर तो टोपी सारखी करायचा.

जालन्याचं भाडं कसं असतं ते इथं लिहून ठेवते. कापूस येतो दसऱ्याला, जातो होळीला. तेवढे दिवस रस्त्यावर गाडी ठेवायला जागा नसते आणि दुकानदार मागाल ते भाडं देतो. मग उन्हाळा लागतो, जिनिंगचा भोंगा थांबतो, आणि तोच दुकानदार कुलूप लावून गावाला जातो. भाडं दसऱ्याला उठतं आणि होळीला झोपतं. व्याज मात्र बाराही महिने जागं. ज्याला कर्जावर जागा घ्यायची असेल त्यानं वर्षाचं भाडं धरताना अर्धंच वर्ष धरावं. उरलेल्या अर्ध्यात काही आलं तर देवाला नारळ फोडावा. आणि आणखी एक. भाडं हातात येतं ते संस्थानच्या हाली रुपयात, आणि छपराचे पत्रे मुंबईकडून येतात ते इंग्रज सरकारच्या कलदारात. हाली देऊन कलदार घेताना वटाव जातो, म्हणजे वर पैसे मोजावे लागतात. मधल्या भावानं हा वटाव हिशेबात धरलाच नव्हता. त्याच्या दुकानावर पहिलं वर्षभर अर्धं पत्र्याचं आणि अर्धं ताडपत्रीचं छप्पर होतं. गिऱ्हाईक विचारी, तेव्हा तो सांगे, "हवा चांगली खेळती."

गवंडी आला तेव्हा दोरी आली. त्यानं चुन्याच्या रेघा मारल्या, उभा राहिला, पुन्हा मारल्या.

"मालक, चार न्हाई बसत."

"नीट मोज."

"नीटच मोजलं. तीन बसतात, अन् कडंनं एक बोळ उरतो. चौथं बसवायचं तर मालक अन् गिऱ्हाईक एका वेळी आत मावायचे न्हाईत."

तिघे भाऊ रेघांकडे बघत राहिले. मी दादाकडे बघत होते. तो काय बोलणार ते मला आधीच कळलं होतं आणि तो तेच बोलला.

"बाईला मागची जागा देऊ. सगळ्यात मोठी हाय ती. आमच्या तिघांची मिळून होत न्हाई एवढी."

"मोठी आहे," मी म्हणाले. "तिला तोंड कुठं आहे?"

"तुला कुठं गादीवर बसायचंय? बाईमाणूस तू. दुकान घेऊन करणार काय?"

"तू गादीवर बसून जे करशील तेच. भाडं खाईन."

धाकटा हसला. दादानं त्याच्याकडे बघितलं, तसा तो खोकला.

मी नाही म्हटलं असतं, पण पाटल्या मोडल्या होत्या आणि विकणारा पैसे घेऊन केव्हाच गेला होता. मागची बाजू खरोखर रुंद होती. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, मागं नाला. आत जायला एकच वाट, दादाच्या दुकानाला लागून उरलेला तो बोळ. बैलगाडी आत जाईल, आख भिंतीला न घासता, एवढाच रुंद. मी म्हणाले, मागची जागा घेते, पण बोळ माझ्या वहिवाटीचा असं तिघांनी लिहून द्यायचं.

दादानं दोन्ही हात कानाला लावले. "भावाबहिणीत कागद? लोक काय म्हणतील? आई-बाप असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

आई-बाप असते तर त्यांनी दोरी आणली असती. कागद झाला नाही, आणि मागची जागा मी तशीच घेतली.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तिघे माझ्याकडे आले. मी ओवाळलं. मधल्यानं खण घातला, धाकट्यानं रुपया घातला. दादानं ताटात काहीच घातलं नाही. मोठ्यानं म्हणाला, "बाई, तुला आज मी वाट दिली. तो बोळ तुझा. हीच माझी ओवाळणी!" शेजारच्या बाया दारात आल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावले. असा भाऊ कोणाला मिळतो! मलाही क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मागच्या आवारात मी दुकान बांधलं नाही. तिथं गिऱ्हाईक येणार नव्हतं, पण बैल आला असता. मंठ्याकडून, भोकरदनकडून कापसाच्या गाड्या येत, जिनिंगला नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र रस्त्यावर उभ्या राहत. गाडीवान गाडीखाली निजे, आणि सकाळी बघावं तर वरचा कापूस हातभर खाली गेलेला. मी आवाराला फाटक बसवलं, आतली जुनी विहीर उपसून घेतली, बैलांना पाणी प्यायला हौद बांधला आणि एका कडेला पत्र्याची पडवी काढली. एवढाच खर्च. गाडीमागं रात्रीचं भाडं. पहिल्याच हंगामात आवार भरलं. मंठ्याकडचा एक म्हातारा गाडीवान होता, त्याला सगळे चाचा म्हणत. पुढच्या सालापासून त्यानं अख्खं आवार हंगामभरासाठी ठेक्यानं घेतलं. माझं काम एवढंच उरलं, की तो पैसे देई आणि मी मोजून घेई.

समोरच्या तीन दुकानांत काय चाललं होतं तेही सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. मधल्यानं आपलं दुकान मेव्हण्याला भाड्यानं दिलं. नातेवाइकाला जागा देणं म्हणजे जागा देणं. त्यात भाड्याचा काही संबंध नसतो. मेव्हणा दर सणाला लाडू आणून देई. धाकट्याला कोणीतरी सांगितलं की दाराला दोष आहे, तेव्हा त्यानं दार उजवीकडून डावीकडं नेलं, मग मधे आणलं, मग पुन्हा उजवीकडं. दर वेळी भाडेकरू बदलला, भिंत तेवढी तीच राहिली. तीही शेवटी भोकांनी थकली. माझा नियम साधा होता. भाड्यातला ठरलेला वाटा आधी बाजूला काढायचा, तो फाटकाचा, हौदाचा आणि पत्र्याचा. उरेल तो आपला. भावांचा नियम उलटा. आधी आपलं, मग पत्र्याचं काय ते बघू. पत्रा पावसात स्वतःच बघून घेतो.

दादानं दुकान भाड्यानं न देता स्वतःच चालवलं. सरकी आणि पेंड. माल दुकानात मावत नसे. मग तो कुठं जाणार? बोळात.

पहिल्यांदा दोन पोती. मी गेले, म्हणाले, "दादा, वाट."

"आजच्या दिवस. उद्या उचलतो."

दुसऱ्या दिवशी चार झाली. ऐन हंगामात एके दिवशी चाचा माझ्या घरी आला आणि दारातच बसला.

"बाई, गाडी घुसतीच नै."

"मी सांगते त्यांना."

"बैलों को समझाया, वो समझ गए, पीछे हट गए," तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला. "अब भाईसाब को तुम समझाओ."

मी समजावलं. पोती उचलली गेली. आठवड्यानं परत आली. पुढच्या भाऊबिजेला दादानं ताटात पुन्हा काही घातलं नाही आणि म्हणाला, "बाई, वाट तुझी." त्याच्या पुढच्या सालीही तेच. तोच बोळ त्यानं मला किती भाऊबिजांना ओवाळणीत घातला त्याची मोजदाद मी सोडून दिली. तिसऱ्या खेपेपासून शेजारच्या बायांनीही दारात येणं सोडलं. देताना त्याचा चेहरा दर वेळी असा असे, जसं गाव दान करतोय. जोशीबुवांचं लक्ष्मीविषयीचं बोलणं खरं झालं की नाही ते भाऊ जाणोत. बाहेर जायचा रस्ता सापडत नव्हता तो मला.

मग यांच्या डोळ्यांत पडदा वाढला. कचेरीतून एकदा मूळ कागदातली एक ओळ सुटली म्हणून नक्कल परत आली, मग पुन्हा एकदा. साहेबांनी बोलावून चांगल्या शब्दांत सांगितलं, आता घरी बसा. त्याच महिन्यात चाचानं ठेक्याची गोष्ट काढली. तो दरसाल नव्यानं बोलणी करायला कंटाळला होता, पाच सालांचा ठेका एकदम घ्यायला तयार होता, भाडं वाढवूनही. फक्त एक विचारलं.

"आँगन तुम्हारा. पानी तुम्हारा. रस्ता किस्का?"

"माझाच."

"कागद पे?"

मी नकारार्थी मान हलवली. तो उठला. "कागद बन जाए तो बुलाओ, बाई. आ जाता मैं." त्यात राग नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

स्टँप आणला. मजकूर यांनीच लिहिला, कचेरीच्या उर्दूत, कागद डोळ्यांपाशी धरून, तीन दिवस थोडा थोडा. आपल्या सासुरवाडीविषयी त्यांनी जन्मात एक शब्द काढला नव्हता. जावयानं भावाबहिणीच्या मधे बोलू नये, असं ते मानत. लिहून झाल्यावर एवढंच म्हणाले, "एकही अक्षर खोडलेलं नाही." बरोबर होतं. बघितलं मी.

भाऊबीज आली. तिघे पाटांवर बसले. मी ओवाळलं, आणि ताटात सुपारीशेजारी स्टँपचा कागद ठेवला, वर टाक.

"हे काय?" दादा म्हणाला.

"तू दरसाल जे घालतोस तेच. आज कागदावर घाल."

मधला कागदाकडे बघत बसला. त्याला उर्दू येत नव्हतं. "अक्का, ह्यात काय लिहेल हाय?"

"बोळ माझ्या वहिवाटीचा. गाडी जायची, बैल जायचे, माणूस जायचं. कोणी अडवायचं नाही. बस, एवढंच."

"दादानं तर कवाच दिलाय तो."

"मंग देऊन टाकायला हरकत काय?" धाकटा म्हणाला आणि त्यानं पहिली सही केली. बोट शाईनं माखवून घेतलं, ते सदऱ्याला पुसलं. मधल्यानं दादाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि हळूच सही केली. सगळं आयुष्य त्यानं असंच हळूच केलं.

ताट दादापुढं आलं. आमच्याकडं रीत आहे की ओवाळणी पडल्याशिवाय बहीण ताट खाली ठेवत नाही आणि भाऊ पाटावरून उठत नाही. मी ताट धरून उभी राहिले. तो पाटावर बसून राहिला. निरांजनातली वात संथ जळत होती.

"बाई, तुझा माझ्यावर विश्वास न्हाई."

"विश्वास आहे. पोती उचलशील यावर नाही."

धाकट्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"बिलकुल उद्या उचलतो."

"उद्या उचलू नको. आज सही कर."

"अगं, मी मेल्यावर माझी पोरं काय अडवणार हायत तुला? आत्याला?"

"म्हणूनच कागद."

त्यानं खिशात हात घातला आणि ताटात रुपया टाकला. इतक्या भाऊबिजांत पहिल्यांदा. तोही कलदार. म्हणाला, "झाली ना ओवाळणी? ठेव ताट खाली." आणि उठला. रीत पुरी झाली होती. मला ताट खाली ठेवावं लागलं.

एक काम मात्र मी बरोबर केलं. "दे, सवडीनं घरी करतो" म्हणून त्यानं कागद मागितला, तो मी दिला नाही.

पुढच्या वर्षी भाऊबीज झालीच नाही. दिवस वाईट होते. बाजार बंद पडत होता, लोक गाव सोडून संस्थानच्या हद्दीपलीकडं नातेवाइकांकडं चालले होते. दादाही वहिनीला, पोरांना घेऊन गेला. दुकानाला कुलूप लावलं. बोळातली पोती तेवढी राहू दिली.

यंदा संस्थान गेलं, राज्य बदललं आणि तो परत आला. भाऊबिजेला मी पुन्हा तोच कागद ठेवला. त्यानं तो उजेडात धरला, उलटा-सुलटा केला.

"हा जुन्या सरकारचा स्टँप. आता कोण मानतं ह्याला?"

मी कचेरीत आधीच जाऊन आले होते. "चालतो म्हणाले."

"हो?" तो जरा थांबला. "मंग मुहूर्त पाहून करू." आणि पाटावरून उठता उठता म्हणाला, "तसं बाई, वाट तुझीच हाय. मी दिली ना!"

काल चाचा येऊन गेला. आवार अजून घ्यायला तयार आहे. पण भोकरदनच्या रस्त्यावर दुसरं एक आवार त्याच्या नजरेत आहे. संक्रांतीपर्यंत थांबतो म्हणाला. हे ओसरीवर बसून ऐकत होते. चाचा गेल्यावर त्यांनी विचारलं, कागद नीट ठेवला आहेस ना? मी म्हणाले, ठेवला आहे.

आजची कामं. हौदाची गळती बुजवली. फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. पडवीचे दोन पत्रे बदलले. यांच्या डोळ्यांत औषध घातलं. बोळात जाऊन आले. पोती आहेत, आणि त्यांवर आता पेंडीच्या ढेपाही.

दादाची सही: बाकी.